मोडणारा हजर पाहिजे

उरणहून करंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पिवळी गाडी बरीच वर्षं बॉनेटशिवाय फिरत होती. पुढे इंजिनावर निळी ताडपत्री, ती होडीच्या दोरीनं चारी बाजूंनी आवळलेली, आणि आत बसलेला माणूस मात्र लग्नाला निघाल्यासारखा ताठ. गाडी जुनी, सगळी बॉडी फायबरची. तसल्या गाड्या एके काळी निघाल्या होत्या. मग कंपनी गेली आणि गाड्याही गेल्या. ही एक राहिली, कारण खाऱ्या वाऱ्यात लोखंड कुजतं आणि फायबर कुजत नाही. शिवाय तिचा मालक स्वतःच फायबरचं काम करणारा होता. अख्ख्या तालुक्याची बॉनेटं आणि बंपर ज्याच्या हाताखालून जात, त्याच्याच गाडीला बॉनेट नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, आळशी दिसतोय. माणसांबद्दलचे माझे पहिले अंदाज बहुधा असेच असतात, आणि माझ्या धंद्यानं ते आणखी बिघडवले आहेत.

मी विमा कंपन्यांचा सर्व्हेअर. राहतो पेणला, पण उरणपासून आगरदांड्यापर्यंत कुठेही गाडी ठोकली गेली की मला जावं लागतं. मोडलेला भाग बघायचा आणि ठरवायचं, दुरुस्ती की बदली. पत्रा असेल तर काम सोपं असतं, पत्रा खोटं बोलत नाही. फायबर मात्र लबाड. वरून केसाएवढी रेघ आणि आत थर सुटलेले, किंवा वरून भलं मोठं भगदाड आणि बाकी सगळं शाबूत. म्हणून ते नाण्यानं वाजवून बघतात. टणक वाजलं तर थर धरून आहेत, बद्द वाजलं तर सुटलेत. बोल्ट बसतात त्या जागा तुटल्या असतील तर बदलायचं, नसतील तर जोडायचं. एवढंच शास्त्र आहे, आणि एवढ्यावर माझं बरं चाललं आहे.

दादूसचं शास्त्र निराळं होतं. दादूस म्हणजे थोरला भाऊ. तिकडे आगऱ्यांच्या गावात कुणालाही दादूस म्हणतात, तसं त्यांनाही म्हणायचे, आणि पुढे मीही म्हणू लागलो. त्यांची शेड मिठागराच्या बांधाला लागून होती. आत रेझिनचा उग्र वास, भिंतीला टेकवलेले बसचे शो म्हणजे पुढचे दर्शनी भाग, सहा आसनी रिक्षांची टपं, ट्रेलरचे बंपर आणि मधे एक पालथी घातलेली होडी. ती होडी म्हणजे गिऱ्हाइकांचं बाकडं. कामाला बसण्याआधी ते कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडत, म्हणजे काचेचं कूस अंगाला लागत नाही. पण पायात काही घालत नसत. जमिनीवर फायबरचा भुगा, मॅटचे म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे तुकडे, ग्राइंडरनं उडालेली कुसळं, आणि त्यातून हा माणूस अनवाणी फिरायचा. मी एकदा म्हटलं की निदान तळाला रबर तरी बांधा. ते म्हणाले, सवय झाली. माझ्या मते कुसळं टोचायची सवय होत नाही, पण तो मुद्दा विम्यात येत नसल्यामुळे मी सोडून दिला.

त्यांच्याकडे मोडका भाग घेऊन कुणी गेलं की ते भागाकडे बघतच नसत. आधी विचारत, मोडला कोणी. ज्यानं मोडला तो समोर उभा राहिल्याशिवाय ते त्या भागाला हात लावत नसत. मालक एकटा आला तर त्याला परत पाठवत. ‘मोरनारा हजर पायजे,’ एवढंच म्हणत. त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं समजायला काही अडचण येत नाही.

मोडणारा आला की त्याला होडीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकायचं. मग निकाल. तो कायम एकाच वाक्यात असे.

‘आपले हातशी मोरला त जोराचा, दुसऱ्याचे हातशी मोरला त बदलाचा.’

यामागे त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी मला एका दुपारी सविस्तर सांगितला. आपण स्वतः मोडलेल्या वस्तूवर जोड दिसला तर माणूस पुढच्या वेळी जपून वागतो, म्हणून तो दिसावा. दुसऱ्यानं मोडलेल्या वस्तूवर जोड दिसला की रोज सकाळी त्या दुसऱ्याची आठवण येते आणि रोज डोकं फिरतं, म्हणून तो दिसू नये. मी विचारलं, आणि थर सुटले असतील तर? बोल्टच्या जागा गेल्या असतील तर? ते म्हणाले, ते तुमचं काम. मी म्हटलं, मग तुमचं काम काय? यावर ते तेल चोपडायला लागले.

लोकांनी हे ऐकून घेतलं, कारण त्यांच्या हाताला तोड नव्हती असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं. हात चांगला होता, पण पनवेलला त्यांच्याहून चांगले दोघे-तिघे होते. लोक यायचे ते जवळ पडतं म्हणून, आणि थोडे मजा बघायला म्हणून. शिवाय त्यांचा नियम बऱ्याच वेळा साफ चुकायचा. एका ट्रेलरवाल्यानं स्वतःच रिव्हर्स घेताना बंपर भिंतीला घातला होता. बोल्टच्या जागा चुरा झालेल्या. मी लिहून दिलं, बदली. दादूस म्हणाले, यानं आपल्या हातानं मोडलाय, जोडणार. थरावर थर चढवून त्यांनी तो जोडला, आणि आठवडाभरात तो बंपर करळ फाट्यावर भर रस्त्यात गळून पडला. ट्रेलरवाला तणतणत आला. दादूसनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की आता तो रस्त्यानं मोडला आहे, म्हणजे दुसऱ्यानं, तेव्हा आता बदलू. त्या ट्रेलरवाल्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

एका हॉटेलवाल्याची परदेशी बनावटीची गाडी होती, तिला कोप्रोलीजवळ म्हैस आडवी गेली. हा मनुष्य येऊन म्हणाला, आता म्हशीला हजर करू का? दादूसनी खरोखर विचार केला. डोळे मिटून, चांगला चहा निवेपर्यंत. मग म्हणाले, म्हशीवर तुमचा राग आहे का? हॉटेलवाला म्हणाला, जनावरावर कसला राग. मग जोडू, दादूस म्हणाले, ज्याच्यावर राग नाही तो दुसरा कसा.

यातूनच हळूहळू ‘आपला’ कोण आणि ‘दुसरा’ कोण याचा एक कायदाच तयार झाला होता. बायकोनं ठोकली तर आपल्या हातानं ठोकली असं धरायचं. मुलाचं तेच, आईबापाचं तेच. पगारी ड्रायव्हर तुमच्या घरी जेवत असेल तर आपला, बाहेर डबा खात असेल तर दुसरा. जावयावरून एकदा मोठा वाद झाला आणि जावयाला दुसरा ठरवण्यात आलं. सासऱ्याला त्याचा आनंद झालेला मी पाहिला. तालुक्यात हा कायदा इतका पाठ झाला होता की रस्त्यानं एखादा सांधलेला बंपर जाताना दिसला की नाक्यावरची पोरं हसून म्हणत, यानं स्वतःच ठोकलीये. जोड दिसला म्हणजे कबुली झाली, असं सरळ गणित होतं.

भावाची केस मात्र त्यांनी कधी घेतली नाही. चिरनेरचा एक जण त्याच्या भावानं फोडलेला मडगार्ड घेऊन आला होता, भावासकट. दादूसनी दोघांकडे बघितलं आणि पनवेलच्या एका कारागिराचा पत्ता सांगितला. मी तेव्हा होडीवर बसून रिपोर्ट लिहीत होतो. ते दोघे गेल्यावर मी सहज विचारलं की भाऊ आपला की दुसरा, हे एकदा ठरवून टाका. ते म्हणाले, ती केस मी घेत नाही. मग बराच वेळ ते थिनरनं हात धूत होते. हाताला काही लागलेलं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट शेडच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं होतं. पिवळं, डाव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढं भगदाड आणि तिथून निघालेल्या दोन-तीन रेघा. त्याच्यावर धूळ बसायची आणि ते ती फडक्यानं पुसायचे. जोडायचेही नाहीत आणि बदलायचेही नाहीत. तुम्ही स्वतः का नाही निकाल लावत, असं मी एक-दोनदा छेडलं. एकदा तर ते चहा आणायला गेले असताना मी उठून नाण्यानं ते सगळं वाजवून पाहिलं, सवयीप्रमाणे. टणक आवाज होता. बिजागरीच्या जागा शाबूत होत्या. माझ्या पुस्तकाप्रमाणे अर्ध्या दिवसाचं काम, डोळे झाकून दुरुस्ती. लोक सांगत की ते बॉनेट त्यांच्या धाकट्या भावानं फोडलं होतं. एका हळदीहून येताना, दारू पिऊन. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा समारंभ, त्यात कोण किती प्यायला याची चर्चा नवरानवरीपेक्षा जास्त होते. धाकटा पूर्वी बंदरावर ट्रेलर चालवायचा. त्या अपघातानंतर त्याच्या मालकाच्या कानावर गेलं की हा पिऊन चालवतो, आणि त्यानं त्याला गाडीवरून उतरवलं. मग दुसऱ्यानंही घेतलं नाही. तो बायकोच्या माहेरी, खाडीपलीकडे रेवसला निघून गेला. दोघा भावांत बोलणं नाही, असं सगळे म्हणत. मला ते नेहमीचंच वाटलं. उरणमध्ये न बोलणारे भाऊ मोजायला बसलं तर संध्याकाळ होते.

करंज्याहून रेवसला लाँच जाते. रस्त्यानं जायचं तर पेण, वडखळ, पोयनाड असा अर्धा जिल्हा फिरून जावं लागतं आणि लाँचनं एक झोप लागायच्या आत माणूस पलीकडे. माझी पलीकडे बरीच कामं असतात, त्यामुळे मी मोटरसायकल लाँचवर चढवून जातो. त्या लाँचवर दोर टाकायला आणि गाड्या चढवायला एक उंच, अबोल माणूस होता. एका फेरीत तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तुम्ही फायबरवाल्या दादूसकडे जाता ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

‘त्यानी बोनेट जोरला का बदलला?’

मी म्हटलं, दोन्ही नाही, भिंतीवर टांगलंय. त्यानं मान हलवली आणि जाऊन दोर हातात घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा तो धाकटा.

त्यानंतर दर फेरीला तेच. कसे आहेत, नाही. काय चाललंय, नाही. फक्त बॉनेट. मला प्रथम गंमत वाटली, मग कंटाळा आला, आणि मग एकदा भरती नसल्यामुळे लाँच गाळाबाहेर थांबून राहिली असताना मीच त्याला विचारलं, की बाबा, तुला त्या बॉनेटचं एवढं काय पडलंय? तो म्हणाला, दादूस काय ठरवतो ते बघतोय. मी म्हटलं, जोडलं तर? तो पाण्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, आणि बदललं तर? तेव्हा तो म्हणाला, मग मी त्याचा कोण नाही. हे त्यानं तिकिटाचे दर सांगावेत तसं सांगितलं. मला वाईट वाटलं. मला सहसा वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

पुढच्या वेळी शेडवर गेलो तेव्हा मी दादूसना सांगून टाकलं. निरोप्याचं काम मी कधी करत नाही, दोन्हीकडून शिव्या बसतात. पण सांगितलं की तुमचा भाऊ लाँचवर भेटतो आणि बॉनेटचं विचारतो. दादूस एका रिक्षाच्या टपावर मॅट अंथरत होते. रेझिन कालवलेलं होतं, त्यात हार्डनर पडलेला होता, म्हणजे थांबायची सोय नव्हती. तरी ते थांबले. लाँचवर काय करतो, असं विचारलं. मी म्हटलं, दोर टाकतो, गाड्या चढवतो.

‘तिकरं गारी नाय चालवत?’

मी म्हटलं, नाही. लोकांच्या मोटरसायकली ढकलत चढवतो पण चालू करून चढवत नाही, हे मी स्वतः बघितलंय. लाँचवरची माणसं सांगतात की हा स्टेअरिंगला हात लावत नाही.

दादूसना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते धरून चालले होते की धाकटा पलीकडे कुणाची तरी गाडी चालवत असणार, अलिबागला हॉटेलं आहेत, पर्यटक आहेत, ड्रायव्हरला काम कमी नाही. ट्रेलर चालवणारा त्यांच्या घरातला तो पहिला माणूस. बंदरावर वळणात चाळीस फुटी कंटेनर एका झटक्यात लावायचा तेव्हा लोक उभे राहून बघत, असं ते मला म्हणाले. एवढं बोलून ते होडीवर बसले. मागे रेझिन डब्यात तापून घट्ट झालं, डबा धूर सोडायला लागला, तरी त्यांनी बघितलं नाही. माल वाया जाऊ देताना त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग ते उठले, मागच्या भिंतीवरून बॉनेट काढलं आणि माझ्यासमोर पालथं ठेवलं.

‘तुमी सांगा सायेब. जोराचा का बदलाचा?’

आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी खिशातून नाणं काढलं, पुन्हा एकदा वाजवून दाखवलं आणि म्हटलं की माझ्या हिशेबानं जोडायला काहीच हरकत नाही. पण तुमच्याकडे तसं चालत नाही. तुमच्याकडे मोडणारा हजर पाहिजे, आणि तो खाडीपलीकडे आहे. मी हे थोडं चिडवायला म्हटलं, खोटं कशाला सांगू.

‘मोरनारा हजर हाय,’ दादूस म्हणाले.

मी इकडेतिकडे बघितलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यातच सांगितलं आणि मीही तसंच सांगतो. हळदीहून दोघं परत येत होते. धाकट्यानं थेंबसुद्धा घेतला नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याची ट्रेलरची पाळी होती. प्यायले होते ते दादूस. निम्म्या वाटेवर त्यांना आठवलं की नवीन चपला मांडवात राहिल्या. ते म्हणाले, गाडी वळव. धाकटा म्हणाला, सकाळी आणून देतो. ते पुन्हा म्हणाले, वळव. धाकटा हसला. तेव्हा यांनी डाव्या बाजूनं हात घालून स्टेअरिंग खेचलं आणि गाडी मिठागराच्या उघाडीशी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराशी, असलेल्या दगडी खांबावर गेली. कुणाला लागलं नाही. आवाजानं बांधावरची माणसं आली.

‘लोकांनी इचारला गारी कोन चालवत व्हता. तो बोलला, मी. मना कोनी इचारला नाय, न मी बोललो नाय.’

दुसऱ्या दिवशी गावात झालं की धाकट्यानं पिऊन ठोकली. चार दिवसांनी बंदरावर झालं. त्यांना वाटलं, बोलणं थंड होईल. मग वाटलं, आता बोलून काय उपयोग. मग तो निघून गेला. बॉनेट बदललं असतं तर लोक म्हणाले असते, बरोबर, धाकट्यानंच मोडलं, आणि ते खोटं होतं. जोडलं असतं तर अख्ख्या तालुक्याला कळलं असतं की मोडलं कोणी. तालुक्याला तो कायदा त्यांनीच शिकवला होता. म्हणून ताडपत्री. दारू त्यांनी त्याच आठवड्यात सोडली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं.

मला तेव्हा त्यांचा रागही आला. धंद्यात मी रोज खोटं ऐकतो. म्हैस आडवी आली, समोरच्यानं लाइट मारला, ब्रेक लागला नाही. पण ती माणसं खोटं बोलून मोकळी होतात आणि घरी जाऊन जेवतात. या माणसानं एक खोटं गप्प बसून सांभाळलं आणि त्यापायी दुसऱ्याचं पोटापाण्याचं काम गेलं. मी तसं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, खरं आहे. मी हेल्मेट उचललं आणि घरी आलो.

पुढच्या आठवड्यात सकाळी माझ्या दाराशी हॉर्न वाजला. पिवळी गाडी उभी होती, बॉनेटसकट. भगदाडाची जागा कापून, कडा उतरत्या घासून, आतून थर देऊन नीट भरलेली. काम उत्तम झालं होतं. फक्त वर रंग नव्हता. पिवळ्या बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात तो राखाडी पुट्टीचा डाग लांबून दिसत होता. मी म्हटलं, रंग राहिला. ते म्हणाले, नाही राहिला. मग म्हणाले, रेवसला जायचंय, साक्षीदार म्हणून चला.

लाँचवर मोटरसायकली चढतात, चारचाकी चढत नाही, तेव्हा रस्त्यानं जाणं भाग होतं. पण मला नंतर कळलं की पेणला येताना ते सरळ रस्त्यानं आले नव्हते. सकाळी बाजाराच्या वेळेला त्यांनी गाडी आधी आपल्या गावच्या देवळासमोर उभी केली, मग उरणच्या नाक्यावर, मग बंदराच्या रस्त्याला ट्रेलरवाले चहाला थांबतात त्या टपरीवर. प्रत्येक ठिकाणी उतरून पुढे उभे राहिले. लोकांनी जोड बघितला. कुणी हसलं, कुणी विचारलं की म्हणजे मोडलं कोणी, आणि ते म्हणाले, मी. धाकट्याचा जुना मालक टपरीवर होता. त्यालाही तेच सांगितलं. तो काय म्हणाला, असं मी विचारलं. चहा प्यायला. एवढंच त्यांनी सांगितलं.

वडखळला आम्ही वडापाव खाल्ला. तिथेही एक ओळखीचा डंपरवाला भेटला आणि बॉनेटकडे बोट दाखवून डोळे मिचकावून गेला. दादूस गाडीत बसताना मला म्हणाले की धाकटा भेटायला आला नाही तर काय करायचं. मी म्हटलं, गाडी उभी करायची आणि लाँचनं घरी जायचं, पंधरा मिनिटांचं काम. त्यांना हसू आलं नाही. पोयनाडच्या पुढे त्यांनी एकदा गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी खाली उतरून उगाच टायर बघितले. मग ते म्हणाले, चला.

रेवसला पोचलो तेव्हा ओहोटी होती. लाँच दूर पाण्यात थांबलेली आणि धाकटा जेटीच्या कठड्यावर बसलेला. गाडी त्यानं आवाजावरूनच ओळखली असावी, कारण आम्ही वळायच्या आधीच तो उभा राहिला होता. दादूस उतरले आणि गाडीशीच थांबले. धाकटा आला तो आमच्याकडे न बघता पुढे गेला. बॉनेटसमोर उकिडवा बसला. जोडावरून हात फिरवला, बोटांनी कड चाचपली, आणि मग वाजवलं. नाणं नव्हतं, बोटाच्या पेरानं.

‘गावान दाखवलास?’ त्यानं विचारलं.

दादूसनी मान हलवली.

‘बंदरावर?’

‘तिकरं बी.’

धाकटा उठला. त्याची नजर दादूसच्या पायांवर गेली आणि तिथंच थांबली. चपला घेतल्या नाहीस अजून, असं तो हळूच म्हणाला. दादूसनी खिशातून चावी काढली आणि त्याच्यापुढे धरली. धाकट्यानं ती घेतली नाही, म्हणजे बराच वेळ घेतली नाही. जेटीवर मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. लाँचवरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं तिकडे हात हलवला, की आता नाही, आणि चावी घेतली.

तो स्टेअरिंगवर बसला. सीट मागे सरकवली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. दादूस सवयीनं डाव्या दाराकडे गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. मग ते मला म्हणाले, सायेब, तुमी पुढं बसा. मी पुढे बसलो आणि ते मागे गेले. निघताना गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती पोयनाडपर्यंत धाकट्यानं तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही, मागून हॉर्न वाजत राहिले तरी. वडखळच्या वळणावर मात्र त्यानं एका लांबलचक ट्रेलरच्या कडेनं गाडी अशी काही काढली की मी दरवाजा धरला, आणि त्यानं माझ्याकडे बघून पहिल्यांदा दात दाखवले. मी मागे वळून बघितलं. दादूस सीटच्या मधोमध बसले होते आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. पेणला मी उतरलो तेव्हाही ते तसेच बसलेले होते.